उजव्या हाताचा खडक

वायरमनकाकांनी सव्वीस वर्षांत कुणाचं वाकडं केलं नव्हतं. एकदाच चुकले, आणि ती चूकही स्वतःच्या पायांनी जाऊन, स्वतःच्या तोंडाने सांगून आले. एवढं मनाशी ठेवून पुढचं ऐकावं, कारण पुढे त्यांची बाजू घेणारं कुणी भेटायचं नाही.

ओरिएंटियरिंग हा खेळ तसा पाहणाऱ्याला वेड्यांचा वाटतो. हातात नकाशा आणि होकायंत्र, बोटाला एक चिप, आणि रानात शिरायचं. नकाशावर जिथे गोल काढलाय तिथे नारिंगी-पांढरं निशाण टांगलेलं असतं. ते शोधायचं, तिथल्या डबीला चिप टेकवायची म्हणजे वेळ नोंदली जाते, आणि पुढच्याकडे पळायचं. वाट आखलेली नसते, ज्याची त्याने काढायची. देशभरात हा खेळ खेळणारे चारपाचशे असतील. सगळे सगळ्यांना ओळखतात, एकमेकांच्या गुडघ्यांची दुखणीसुद्धा तोंडपाठ. संघटनेचं चारपानी पत्रक निघतं, त्यात ‘घडामोडी’ नावाचं सदर असतं, आणि त्यात आपलं नाव आलं की माणूस ते पान घडी करून पाकिटात ठेवतो.

काका धावणारे नव्हते. वीजमंडळात वायरमन होते, निवृत्त झाले, आणि या मंडळींत त्यांचं काम एकच. शर्यतीच्या पहाटे रानात जाऊन निशाणं टांगायची. सव्वीस वर्षांत एक निशाण चुकलं नव्हतं. निशाण चुकीच्या जागी लागलं तर नियम साधा आहे, शर्यत रद्द. म्हणून काका प्रत्येक निशाणापाशी थांबून खिशातल्या कागदावरची ओळ मोठ्याने वाचत, मग दोरी बांधत, आणि डोळे मिटून क्षणभर देवाचं नाव घेत. कुणी हसलं तर म्हणत, “खांबावर चढतानाही घ्यायचो. अजून आहे ना मी?”

त्यांची लेक मात्र धावणारी. आठ वर्षांची असल्यापासून त्यांनी तिला रानात नेलेलं. आई लवकर गेली, घरात दोघंच. आता ती तिशीला टेकली होती. दिवसा प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची आणि पहाटे धावायची. दोनदा देशाच्या संघात जाता जाता राहिली. यंदा संघात एकच जागा उरली होती. निवडीची शर्यत जी जिंकेल ती जाणार. आणि काही कारणाने ती शर्यत रद्द झाली, तर मागच्या वर्षीच्या क्रमवारीवरून सगळ्यांची लाडकी ‘सिस्टर’ जाणार, म्हणजे इस्पितळातली ती उंच नर्स. नावं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळवायची होती. पुन्हा शर्यत घ्यायला वेळ नव्हता.

त्या पहाटे काका नेहमीसारखे निघाले. नववं निशाण दोन खडकांपैकी पूर्वेच्या खडकाला बांधायचं होतं. मध्ये पन्नास पावलांचं काटेरी झुडूप, इकडून तिकडचं दिसत नाही. काका नेहमी दक्षिणेकडून, ओढा ओलांडून येत. तिकडून पूर्वेचा खडक उजव्या हाताला. त्या दिवशी वर कुठेतरी पाणी सोडलेलं, ओढा कमरेएवढा. काका वळसा घालून उत्तरेकडून आले, ओळ मोठ्याने वाचली, “पूर्वेचा खडक,” आणि पाय सव्वीस वर्षांच्या सवयीने उजव्या हाताच्या खडकाकडे गेले. दोरी बांधली. देवाचं नाव घेतलं.

शर्यत झाली. लेक पहिली आली, नर्सपेक्षा तब्बल सहा मिनिटं पुढे. काकांनी टाळ्या वाजवल्या, मग चष्मा पुसला, मग पुन्हा वाजवल्या. मंडळी मुक्कामाला होती त्या शाळेच्या फळ्याशी गर्दी जमली. तिथे कोणाला कुठल्या निशाणाशी किती वेळ लागला त्याचा तक्ता लावलेला.

नर्स हातातली बाटली आपटत म्हणाली, “नऊ नंबरला मी सात मिनिटं भुतासारखी फिरले. पूर्वेच्या खडकावर काही नव्हतं! शेवटी त्या पलीकडच्या खडकावर सापडलं.”

बाकीच्यांनाही तिथे वेळ लागला होता, पण त्या काट्यांत आपण नेमके कोणत्या खडकाशी होतो हे कुणालाच धड सांगता येईना. “तू झुडपात चकली असशील, सिस्टर,” कुणीतरी म्हणालं. “सुई टोचताना तरी शीर सापडते ना?”

“टोचून दाखवू?”

हशा पिकला. काका हसले नाहीत. त्यांना अचानक आठवलं, की नवव्या निशाणाची ओळ वाचताना कोवळं ऊन त्यांच्या डाव्या गालावर होतं. डाव्या. म्हणजे पूर्व डावीकडे. 

लेक तेव्हा रानातून परत येत होती. या मंडळींत एक रीत आहे. जिंकणाऱ्याने आपल्या वाटेवरची निशाणं मानाने स्वतः काढून आणायची. तिच्या खांद्यावर निशाणांची पिशवी होती, चेहरा लालबुंद, सुंदर. काकांनी तिला मोटारीमागे ओढलं.

“अगं, नववं... माझ्याकडून...”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“बाबा, सकाळी तुमचे बूट कोरडे होते. म्हणजे तुम्ही ओढ्यातून गेला नाहीत. मी पूर्वेच्या खडकापाशी आले, निशाण नाही. एक क्षण थांबले. म्हटलं, आमचे बाबा उत्तरेकडून आले असणार आणि उजवा हात धरला असणार. सरळ पलीकडे गेले. होतं.” ती हसली. “बाकीच्यांनी डोकं चालवलं नाही, हा माझा दोष?”

“पण बाळ, नियम...”

“नियम मला शिकवू नका. तुम्ही तोंड उघडलंत तर ती नर्स जाणार. मी बावीस वर्षं धावतेय. बावीस!”

“मला सांगावं लागेल गं. कागदावर सही करायची असते मी, की सगळी निशाणं जागच्या जागी होती म्हणून. खोटी सही कशी करू?”

 लेकीने पिशवीचा बंद नीट केला आणि थंडपणे म्हणाली, “जा. सांगा. मलाही जे सांगायचं ते मी सांगेन.”

संघटनेचे सचिव व्यवसायाने दातांचे डॉक्टर. पहिलीच्या वर्गात, छोट्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून समिती बसली होती, नर्स आणि लेकही हजर होत्या. यंदा एक शर्यत आधीच रद्द झाली होती, दुसरी झाली असती तर डॉक्टरांची खुर्ची गेली असती. हे काकांना ठाऊक होतं, तरी त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. ओढा, वळसा, उजवा हात, डाव्या गालावरचं ऊन. सांगताना हात जोडलेले.

नर्स उभीच राहिली. “ऐकलंत? मी काय म्हणत होते?”

“काका, शर्यत म्हणजे दातासारखी. एकदा उपटली की परत बसत नाही,” डॉक्टर म्हणाले. “नीट आठवून सांगताय ना?”

“देवाशपथ.”

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिलं. ती उठली, आणि तिचा आवाज इतका मऊ झाला की काकांना तो ओळखूच येईना.

“निशाण मीच काढून आणलंय. पूर्वेच्याच खडकावर होतं. मला ते सत्तर सेकंदांत सापडलं, तक्त्यात आहे. जागेवर नसतं तर कसं सापडलं असतं?” मग ती क्षणभर थांबली. “खरं म्हणजे मला हे चारचौघांत बोलायचं नव्हतं. बाबांना हल्ली आठवत नाही. गॅस चालू ठेवतात. परवा मला आईच्या नावाने हाक मारली. मी कुणाला सांगितलं नाही, कारण निशाणं टांगणं हा एकच आनंद उरलाय त्यांना.”

  गॅस काकांनी कधी चालू ठेवला नव्हता. आईच्या नावाने हाक मारली होती हे मात्र खरं, पण हसत, लेक अगदी आईसारखी कमरेवर हात ठेवून उभी होती म्हणून. ती त्यावर हसली होती.

“मला सगळं आठवतं,” ते म्हणाले. एवढं वाक्य म्हणताना आवाज चिरकला, आणि ते वाक्य खोटं वाटायला तेवढं पुरे झालं.

“हरकत नाही, काका, आपण बघू ना.” डॉक्टरांनी कागद ओढला, समोर बसून दोन गोल काढले, वर उत्तरेचा बाण काढला. कागद डॉक्टरांपुढे सरळ होता, म्हणजे पलीकडे बसलेल्या काकांना उलटा. बाणाचं टोक त्यांच्या पोटाकडे. “यातला पूर्वेचा खडक कोणता? घाई नाही.”

सगळे वाकून बघायला लागले.  लेकीचा तो मऊ आवाज काकांच्या कानात घुमत होता. त्यांनी बोट टेकवलं, उजव्या हाताच्या गोलावर.

“अरेरे,” कुणीतरी म्हणालं.

त्यांना लगेच कळलं. “नाही, थांबा, कागद उलटा आहे, मला हा म्हणायचा होता... हेच तर सांगतोय, हीच चूक झाली सकाळी!”

पण हे आता कोण ऐकणार? डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि त्या हाताखाली माणूस खरं बोलत असला तरी ते बरळणंच ठरतं. नर्ससुद्धा खाली बसली. इस्पितळात तिने अशी म्हातारी माणसं पुष्कळ पाहिली होती. तिने आपली तक्रार मागे घेतली, आणि वर काकांना पाणी आणून दिलं. काकांच्या ऐवजी सही डॉक्टरांनी केली.

महिन्याभराने पत्रक आलं. ‘घडामोडी’त पहिली बातमी लेकीच्या निवडीची, फोटोसकट. तिच्याखाली चार ओळी: ‘आपले सर्वांचे लाडके वायरमनकाका प्रकृतीच्या कारणाने निशाणांच्या कामातून निवृत्त होत आहेत. रानात त्यांना एकटे सोडू नये अशी सर्व सदस्यांना विनंती. त्यांच्या लेकीच्या सेवेला संघटनेचा सलाम.’

लेकीने ते त्यांना वाचून दाखवलं. वाचता येत होतं त्यांना. तरी तिने वाचून दाखवलं.

भेटायला माणसं येऊ लागली, तसं घर बदललं. लेकीने कपाटांवर चिठ्ठ्या लावल्या. ‘चहा’, ‘साखर’, ‘बाबांचे कपडे’. गॅसची कळ रबराने बांधून टाकली. दारावर ‘एकटे बाहेर जाऊ नये’. पाहुण्यांसमोर ती त्यांच्याशी मोठ्याने आणि तोडून तोडून बोलायची. पाहुणे गेले की बोलायचीच नाही. सरावाला पहाटे निघून जायची. पहिल्या आठवड्यात काकांनी एकदा विचारलं, “या चिठ्ठ्या आता काढायच्या का गं? घरात आपण दोघंच तर आहोत.”

“कोण कधी येईल सांगता येतं का?” ती बुटाच्या नाड्या आवळत म्हणाली. “आणि तुम्हीच आणलीत ना ही वेळ? गप्प बसला असतात तर नसत्या लागल्या चिठ्ठ्या.”

लेक संघाबरोबर परदेशी जायच्या आदल्या आठवड्यात नर्स आली. लेक आत कपडे भरत होती. नर्सने खुर्ची पुढे ओढली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “काका, मी त्या दिवशी बसले खाली. पण झोप लागत नाही मला. परवा सुट्टीला त्या रानात जाऊन आले. पलीकडच्या खडकाला दोरीचा तुकडा आहे अजून, कापलेला. तुमचीच वायरमनची गाठ. कापून नेलं म्हणजे कुणीतरी घाईत होतं. मी समितीकडे जाणार आहे. तुम्ही फक्त एकदा म्हणा, की त्या दिवशी जे बोललात ते खरं होतं. बस. बाकी माझ्यावर सोडा.”

आतलं कपड्यांचं सळसळणं थांबलं.

काकांनी नर्सकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत त्यांच्याशी सरळ, माणसाशी बोलावं तसं बोलणारं हे पहिलं माणूस. हो म्हटलं असतं तर चिठ्ठ्या निघाल्या असत्या. पुन्हा पहाटे रानात जाता आलं असतं. आणि आत उभी असलेली पोर चोर ठरली असती. चारपाचशे माणसांत, ज्यांच्यापलीकडे तिला दुनिया नव्हती, ती जन्मभरासाठी खोटारडी ठरली असती, बापाला वेडा ठरवणारी.

देवाचं नाव घ्यावं म्हणून त्यांनी डोळे मिटले. पुढे जे बोलायचं होतं त्याच्याआधी ते नाव घ्यायला जीभ धजेना. त्यांनी डोळे उघडले.

“कुठला खडक?” ते म्हणाले. “तुम्ही कोण, बाई? वीजमंडळातून आलात का?”

नर्सचा चेहरा आधी ताठरला, मग विरघळला. तिने त्यांचा हात हातात घेतला, सवयीने नाडीवर बोटं गेली. ठोके चांगले जोरात पडत होते. ती काही क्षण त्यांच्याकडे निरखून पाहत राहिली, मग तिची नजर समोरच्या कपाटावरच्या चिठ्ठ्यांवर गेली, आणि तिने हात सोडला.

“गोळ्या वेळेवर घ्या हं, काका,” ती मोठ्याने, तोडून तोडून म्हणाली.

लेक बाहेर आली. दाराशी दोघी जरा वेळ बोलल्या. “माझं चुकलंच,” असं नर्स म्हणाल्याचं काकांना ऐकू आलं. दार लागलं.

काका खुर्चीत ताठ बसून राहिले. आता ती येईल. जवळ बसली नाही तरी चालेल, पाया पडली नाही तरी चालेल. नुसतं “बाबा” म्हणाली, पूर्वीसारखं, तरी खूप झालं.

ती आली. समोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. घरात दोघांशिवाय कुणी नव्हतं.

“बाबा,” ती मोठ्याने, एकेक शब्द तोडत म्हणाली, “शर्ट... बदला... हं. हा... कालचाच... आहे.”

तो कालचा नव्हता. सकाळी अंघोळ झाल्यावर त्यांनी स्वतः घडी मोडून घातला होता. त्यांनी लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. कुठे तरी ती हसेल, डोळा मारेल, म्हणून फार वेळ पाहिलं.

मग ते उठले, ‘बाबांचे कपडे’ लिहिलेलं कपाट उघडलं, आणि शर्ट बदलू लागले.