वस्तादांनी पाय बदलला

तालमीतल्या उदयसिंहनं माईकवर लिंबाचा खेळ पुकारला आणि गणपतरावांनी तलवारीची मूठ आवळली. साठीला टेकलेला माणूस, चाळीस वर्षं मर्दानी खेळाची तालीम चालवलेला, उचगावात ज्याला लहानथोर वस्ताद म्हणून रामराम घालतात, तो शिवजयंतीच्या त्या भरल्या मैदानात चक्क घाबरला होता. कोरडे पडलेले ओठ तो सारखे जिभेनं ओले करत होता. लोकांना वाटलं, वस्ताद देवाचं नाव घेतायत.

खेळ तसा सांगायला सोपा. एकानं गुडघ्यावर बसून तळहात पुढं धरायचा, त्यावर लिंबू ठेवायचं आणि वस्तादांनी तलवारीनं त्याच्या दोन फाका करायच्या. कातडीवर ओरखडासुद्धा उठता कामा नये. गेली बारा वर्षं हात धरायला बसायची ती त्यांची मुलगी अनुजा. शिरोलीतल्या एका कारखान्यात ती सुट्या भागांची ड्रॉइंग काढायची, आणि ती याच हातानं.

दिवाळीपासून वस्तादांच्या डाव्या डोळ्यापुढं धुकं साचायला लागलं होतं. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, ऑपरेशन करून टाका म्हणाले. वस्तादांनी घरी येऊन सगळं ठीक असल्याचं ठोकून दिलं आणि ऑपरेशन कार्यक्रमानंतर बघू म्हणून मनातल्या मनात पुढं ढकललं. म्हातारा झाला म्हणतील, ही धास्ती. आता काय म्हणावं या माणसाला? तलवारीला भीत नव्हता आणि डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीला भीत होता.

खरी गोम पायात होती. या तालमीचा पवित्रा डावा. डावा पाय पुढं, डावा खांदा पुढं, तलवार मागं उजव्या हातात. गणपतरावांच्या वस्तादांनी तसंच शिकवलं होतं, आणि पंचक्रोशीत कुठंही पोरगं उभं राहिलं की लोक पायावरून ओळखायचे, हे उचगावचं. पण डावा खांदा पुढं केला की बघायचं सगळं काम डाव्या डोळ्यावर पडतं, उजव्याच्या आड नाक येतं. पंधरा दिवस वस्ताद परसात एकटेच विटेवर बटाटे ठेवून कापत होते. डाव्या पवित्र्यात दहातले तीन चुकले. एकदा तर तलवार विटेवरच आपटली. उजवा पाय पुढं घेतला की सगळे नीट कापले जायचे. पण भर मैदानात पाय बदलायचा म्हणजे आपलं काहीतरी बिघडलंय हे जाहीर करायचं, आणि तेही आसपासच्या वस्तादांपुढं. ते सगळे फेटे बांधून पहिल्याच रांगेत बसले होते.

सकाळी त्यांनी अनुजाला आडवळणानं सांगून बघितलं होतं, ऑफिसनं दमतीस, औंदा नाही बसलीस तरी चालेल म्हणून. मग कुणाला बसवणार, एवढंच तिनं विचारलं. वस्ताद तलवार पुसायला बसले.

अनुजा आली, गुडघ्यावर बसली, हात पुढं केला. उदयसिंहनं लिंबू ठेवलं. हलगी थांबली. वस्तादांचा डावा पाय आपसूक पुढं पडला, चाळीस वर्षांची सवय ती. तलवार वर गेली, मान वळली, आणि तळहातावर दोन लिंबं दिसली. एकात एक सरकलेली. लिंबाची कड कुठं संपते आणि बोटं कुठं सुरू होतात ते कळेना. त्यांनी डोळे मिटून उघडले. तरी दोनच. पोटच्या पोरीचा हात तोडायला निघालोय मी, असं त्यांना स्वच्छ वाटलं, आणि तरीही तलवार खाली घ्यायला हात तयार होईना. समोरचे फेटे बघत होते ना.

"आबा, उजवा घ्या," अनुजा ओठ न हलवता म्हणाली.

वस्तादांना आधी कळलंच नाही.

"उजवा पाय फुडं घ्या. परसातलं बघितलंय मी."

हिला ठाऊक होतं. चुकलेले बटाटे हिनं बघितले होते आणि तरीही ही येऊन बसली होती, दुसऱ्या कुणाची पोर इथं बसायला नको म्हणून. वस्तादांनी पाय बदलला. पहिल्या रांगेत कुजबुज झाली. उजवा खांदा पुढं आला, उजव्या डोळ्याला लिंबू एकच दिसलं, त्याचं देठसुद्धा दिसलं. आणि त्याखालचा हात थरथरताना दिसला. बारा वर्षांत तो कधी थरथरला नव्हता.

वस्तादांनी तलवार खाली घेतली. लिंबू उचललं, मंडपाच्या खांबाजवळची वीट आणून मधोमध मांडली आणि त्यावर ते ठेवलं. उदयसिंह माईक घेऊन जवळ आला.

"सांग लोकास्नी," वस्ताद म्हणाले. "वस्तादाला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाय. हातावरचा खेळ आजपासनं बंद."

त्यानं माईक मागं नेला. शेवटी वस्तादांनीच माईक घेतला आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मग उजवा पाय पुढं टाकून एका वारात लिंबू कापलं. टाळ्या पडल्या, पण नेहमीसारख्या नाहीत. पहिल्या रांगेतला एक म्हातारा वस्ताद तेवढा उठून उभा राहिला.

तलवार उदयसिंहकडं देऊन ते निघाले. मैदानाच्या कडेला उतरायच्या तीन पायऱ्या होत्या. अनुजा डाव्या अंगाला आली आणि तिनं त्यांचा दंड धरला. दिवाळीपासून ही पोर रोज याच बाजूनं चालत आलीय, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.