हौसाक्काची जीभ

माघ उतरणीला लागला होता आणि हिरण्यकेशीच्या दोन्ही काठांवर काजू मोहरले होते. गुलाबी, पांढुरके, मधुगंधी तुरे. पहाटेच्या धुक्यात तो गंध मुरे, उन्हाच्या पहिल्या स्पर्शाने सैल होई, आणि आजऱ्याजवळच्या त्या वाडीत उंबऱ्या-उंबऱ्याशी जाऊन थांबे. माणसं क्षणभर श्वास रोखून उभी राहत.

एकाच उंबऱ्यावर एक बाई बसली होती, जिला तो गंध येत नव्हता.

ती हौसाक्का. हौसाबाई देसाई. पंचक्रोशीतल्या पंगतींची अन्नपूर्णा, मसाल्यांची सम्राज्ञी. कार्तिकात तिला ताप आला. नऊ दिवस तो तिच्या देहात वणव्यासारखा फिरला, आणि जाताना दोन गोष्टी घेऊन गेला : नाकातला गंध आणि जिभेवरची चव. चुलीवर मसाल्याचा घमघमाट उठे, आणि ती शेजारी बसून असे. शांत, निर्विकार, अनभिज्ञ.

तिने ते कुणाला सांगितलं नाही. कांदा डोळ्यांनी भाजला, मीठ मुठीने मोजलं, फोडणी कानांनी ऐकली. चाळीस वर्षांची सवय हातांत होती. हात चुकले नाहीत. जीभ मेली आहे हे घरात कुणाला कळलं नाही.

आणि तिचं ते भांडं तिच्या बाजूने होतं. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जड झाकणाचं, मुलामा नसलेलं, कृष्णवर्ण, कृष्णतेज. तरुणपणी गडहिंग्लजच्या बाजारातून तिने ते निवडलं होतं. बोटाच्या पेराने वाजवून, कान लावून, आतून तळवा फिरवून. "भेग असली की बीड घोगरं बोलतंय," ती सांगे. पुढे वर्षानुवर्षं तिने त्याला तेल पाजलं, तापवलं, पुसलं, पुन्हा तेल पाजलं. साबण लावला नाही, चिंच शिजवली नाही. शेवटी त्याचं पोट असं झालं, की दिव्याची ज्योत त्यात तळ्यातल्यासारखी हले.

त्या भांड्याला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. सुनेचा तर नाहीच.

सून वैजयंता. हळदीच्या अंगाने घरात आली, त्या आठवड्यात तिने पहिल्यांदा कालवण केलं. बाहेरची ओटी पाहुण्यांनी गच्च भरली होती. हौसाक्काने एक थेंब तळहातावर घेतला, चाटला, अंगणात थुंकला. मग सगळ्यांदेखत ते कालवण गोठ्यात नेऊन म्हशीच्या घमेल्यात ओतलं. "खाईल बिचारी," ती म्हणाली, "तिला कुठं चव कळतीया!"

पाहुणे हसले. नवरा, रणधीर, तोही हसला. वैजयंता हसली नाही. ते हसू तिने बारा वर्षं उराशी जपलं, निखारा राखेत जपतात तसं.

बारा वर्षांनी तिने स्वतःचं भांडं आणलं. कोल्हापूरच्या दुकानात रांगेने ती भांडी मांडली होती. काळी, बिनमुलाम्याची, आणि त्यांच्या शेजारी एनॅमलच्या मुलाम्याची. दुकानदार म्हणाला, "बीड दोन्हींत तेच, ताई. काळ्याला रोज तेल पाजायला लागतं. ह्याला नाही. चिंच घाला, टोमॅटो घाला, चालतंय. फक्त रिकामं तापवू नका, आणि पळी लाकडाची घ्या." तिने निळं निवडलं. बाहेरून मयूरकंठी, आतून शंखशुभ्र. तेल पाजून, वर्षं घालवून ज्याची मर्जी सांभाळावी लागत नाही, असं काहीतरी तिला आयुष्यात एकदा हवं होतं.

हौसाक्काने ते नखाने वाजवलं. "मुलाम्याचं हाय. बाहेर न्हवरीवानी रंग, आत नुसतं पांढरं फटक." आणि तोंड फिरवलं.

मग एका सकाळी दूध जळलं. घरभर करपट वास पसरला, आणि सासू चुलीपाशी शेंगा फोडत बसलेली वैजयंताने पाहिली. पाहिली, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी हळूच उजळलं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून चहा केला. साखरेऐवजी मीठ घातलं. कप सासूच्या हातात दिला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

हौसाक्का प्यायली. घोट घोट, निवांत, शेवटच्या थेंबापर्यंत.

"बरा झालाय," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मीठ. चौथ्या दिवशी मीठ. पंधरा दिवस रोज सकाळी तो वाफाळता खारट कप उंबऱ्यावर जाई आणि रिकामा परत येई. आता खात्री करायची उरली नव्हती. उरली होती ती फक्त गोडी.

माघाच्या शेवटी गावची जत्रा आली. ओटीवर पाहुण्यांची पंगत बसायची होती. हौसाक्काचे थोरले दीर शामराव आले, लेक मालन आली. वैजयंता सगळ्यांसमोर गोड हसून म्हणाली, "काका, यंदा रस्सा दोन भांड्यांत. एक आत्तींच्या बिडात, एक माझ्या निळ्यात. कुठला कुणाचा, ते आत्तीच चाखून सांगतील."

"व्हय की!" शामराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "हौसाला काय अवघड हाय?"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. हौसाक्काने पदर सावरला. नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण एकच होतं.

"बघूया की," ती म्हणाली.

दोन चुली पेटल्या. दोन ज्वाळा, दोन बायका, मधे हातभर अंतर. वैजयंताला ठाऊक होतं, म्हातारी आता डोळ्यांनी चाखते. तिला हेही ठाऊक होतं, की त्या बिनमुलाम्याच्या बिडात रस्सा काळसर उतरतो आणि एनॅमलमध्ये लालच राहतो. म्हणून तिने आपलं खोबरं सासूच्या आधी, पहाटेच भाजलं, आणखी भाजलं, काळंभोर होईपर्यंत भाजलं, आणि निळ्यावरचं झाकण काढलं नाही. सासूच्या बिडातला रस्सा त्यापुढे तांबूस दिसणार होता.

भर दुपारी, पानं मांडलेली, घनसाळ भाताची वाफ उठलेली, आणि हौसाक्कापुढे स्टीलच्या दोन सारख्या वाट्या आल्या. एकीत तांबूस, एकीत काळसर.

तिने एकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं. डोळे मिटले. दुसरीत बोट बुडवलं. पुन्हा डोळे मिटले. मिटल्या पापण्यांमागे काहीच नव्हतं. ना तिखट, ना खारट, ना धूर, ना धणे. ओसाड माळ, आणि माळावर वारासुद्धा नाही.

तिने डोळे उघडले आणि काळसर वाटी पुढे सरकवली. "हा माझा. लपतोय व्हय?"

मग मालन गोंधळून म्हणाली, "आई, अगं, वाट्या मी भरल्यात. तो वहिनीचा हाय."

कुणीतरी हसलं. शामरावांनी खाकरून विषय बदलायला तोंड उघडलं. इथं थांबता आलं असतं. वैजयंता थांबली नाही.

"त्यांना कसं कळणार?" ती म्हणाली. आवाज मऊ होता, रेशमी होता, धारदार होता. "चवच कळत नाही त्यांना. ताप आल्यापासून. मी पंधरा दिवस चहात मीठ घालून बघितलंय. रोज प्यायल्या. रोज म्हणाल्या, बरा झालाय."

रणधीरने मान खाली घातली. पंगतीतले घास हातातच राहिले.

हौसाक्का सुनेकडे पाहत राहिली. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर वैजयंताने तो झेलला असता; बारा वर्षं ती त्याच्याच तयारीत होती.

"मीठ घालत हुतीस व्हय?" म्हातारी हळूच म्हणाली. "मला वाटलं, सून न सांगता रोज चहा आणून देतीया."

मग ती उठली, हात धुतले आणि आत गेली.

त्या दिवसापासून चूल वैजयंताची झाली. काळं भांडंही झालं. हौसेने तिने त्यात चिंचेची आमटी शिजवली, दिवसभर तशीच ठेवली, साबणाने खसाखसा घासलं. चाळीस वर्षांचं तेज पाण्यासोबत मोरीतून वाहून गेलं. सकाळी त्या पोटात गंजाचे नारिंगी डाग उमटले होते. हौसाक्का जवळून गेली. तिने पाहिलं. थांबली नाही, बोलली नाही, पदराने पुसायलासुद्धा वाकली नाही.

रोज दुपारी सून ताट वाढी. आणि रोज, पहिला घास तोंडाशी नेण्याआधीच, सासू म्हणे, "झकास झालंय."

एकदा वैजयंताने मीठ घातलंच नाही. "झकास झालंय." एकदा वांगं तळाला लागून कोळसा झालं. "झकास झालंय." तोच आवाज, तोच सपाट, धुतलेला, निर्जीव आवाज. आणि एकदा, खरोखरच, आमटी अशी जमली, की वैजयंता चाखून चुलीपुढेच बसून राहिली. कांदा, खोबरं, धूर, सगळं एकमेकांत विरघळून एकच झालं होतं. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. तिला कुणीतरी हवं होतं ज्याला कळेल. त्या अख्ख्या पंचक्रोशीत ज्याला कळलं असतं असं एकच माणूस होतं.

ती ताट घेऊन गेली.

"झकास झालंय," हौसाक्का म्हणाली. घास अजून ताटातच होता.

"आत्ती," वैजयंता खाली बसली, "खोटं नका बोलू. शिव्या द्या. थुंका. पण असं नका बोलू."

हौसाक्काने तिच्याकडे पाहिलं. दूरच्या, ओळख नसलेल्या माणसाकडे पाहावं तसं. "खाते की बाई," ती म्हणाली, आणि घास उचलला.

बाहेर दुपार पांढरी झाली होती. कौलांवर पांढरी, भिंतींवर पांढरी, अंगणातल्या रिकाम्या दोरीवर पांढरी. त्या पांढऱ्या, स्तब्ध, अथांग दुपारी एक म्हातारी चावत होती. हळूहळू, एका लयीत, नजर समोरच्या भिंतीवर ठेवून. आणि एक बाई तिच्या तोंडाकडे पाहत बसली होती. म्हातारी चावत होती. चावत होती. चावत होती.