आरशाच्या कडेचं गाडगं

आरसा भिंतीवरून उचलला आणि काहीतरी मोडलं. भाजलेल्या पापडाचा कोपरा तुटावा एवढाच आवाज झाला. चांदसाहेब आरसा तसाच अधांतरी धरून उभे राहिले.

सकाळी खोलीला रंग द्यायला घेतल्यापासून त्यांनी कुंभारीण माशीच्या त्या मातीच्या गाडग्याला जपलं होतं. भोवतीची वीतभर भिंत खरवडलीसुद्धा नव्हती. पण कुंभारणीनं ते बांधताना अर्धं भिंतीवर टेकवलं होतं आणि अर्धं आरशाच्या चौकटीवर. हे त्यांना दिसलं नव्हतं. आता मातीचा एक तुकडा चौकटीबरोबर निघून आला होता आणि भिंतीवरच्या सुपारीएवढ्या गाडग्याला बाजूनं भगदाड पडलं होतं. त्यातून दोन हिरव्या अळ्या फरशीवर पडल्या होत्या.

ही खोली त्यांच्या सुनेची, मिस्बाहची. याआधी दोनदा तिचा गर्भ पडला होता, म्हणून या वेळी डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठूच नको असं बजावलं होतं. समोर भिंत, भिंतीवर आरसा, आणि दिवसभर काम काही नाही. पहिल्या दिवशी ती पिवळी-काळी, बारीक कमरेची माशी आत शिरली तेव्हा मिस्बाह किंचाळली होती. चार दिवसांनी तिनंच खिडकीत त्या माशीसाठी डब्याच्या झाकणात पाणी ठेवायला लावलं.

चांदसाहेबांचं वडूजच्या बाजारपेठेत विजेच्या मोटारी रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेली तार काढून नवी भरायचं दुकान. संध्याकाळी ते घरी आले की मिस्बाह बातमी सांगायची.

"अब्बा, माती आणताना ती गोळी हनवटीखाली धरतीया. आन् थापताना गुणगुणतीया. खरंच! थापणं थांबलं की आवाज बंद."

"अब्बा, आज गळा बशिवला. अगदी मडक्याला असतो तसा, बाहेर वळवलेला."

"आज माल भरला. अळ्या आणून कोंबल्या, आन् तोंड लिंपून टाकलं."

शेजारच्या हरणाबाईंनी सुगराबीला सांगितलं होतं, कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. चांदसाहेब बायकोवर चिडले होते. "असल्या शकुनावर इमान ठेवायचं नसतं."

"मी कुठं ठेवतीया?" सुगराबी म्हणाली होती. "फक्त पाडू नका म्हणतीया."

परवा मिस्बाहचं बीपी एकदम चढलं. नवऱ्यानं, तारिकनं, तिला साताऱ्याला दवाखान्यात नेलं, नणंद तरन्नुमही बरोबर गेली. गाडीत बसता बसता मिस्बाह म्हणाली, "अब्बा, तेवढं गाडगं कुणाला पाडू दिऊ नका."

"कोण पाडतंय? मी हाय की."

ईद तोंडावर आली होती. शिवाय ती परत येईपर्यंत रंगाचा वास जायला हवा, म्हणून त्यांनी आज दुकान बंद ठेवलं होतं.

त्यांनी आरसा पलंगावर ठेवला आणि तरन्नुमला फोन लावला. ती कऱ्हाडला प्राणिशास्त्र शिकून नुकतीच घरी आली होती.

"मिस्बाह कशी हाय?"

"बीपी उतरंना, अब्बा. डॉक्टर म्हणत्यात दुपारपतोर बघू, न्हाईतर सिझर."

"सातव्यातच?"

"व्हय."

चांदसाहेबांना आणखी विचारायचं होतं. पण तोंडून वेगळंच आलं. "ती कुंभारीण... तिचं गाडगं फुटलं, तर आतलं पिल्लू जगतं का गं?"

तरन्नुम हळू आवाजात म्हणाली, "फोडलंसा?"

"आरशाबरोबर निघालं."

"आत बघा. काय दिसतंय?"

त्यांनी मोबाइलची बॅटरी लावली. "वरनं एक पांढरा दाणा लोंबतोय. केसाहून बारीक दोऱ्याला."

"ते अंडं. दोरा तुटला न्हाई न्हवं? मग हाय अजून आशा. आन् त्या अळ्या टाकू नका, मेलेल्या न्हाईत त्या. आईनं नांगी मारून सुन्न केल्यात. मेल्या असत्या तर कुजल्या असत्या. पिल्लाला ताजंच लागतं. पण एखादी वळवळली तर अंडं चिरडंल, म्हणून ते छताला टांगलेलं."

चांदसाहेबांनी फरशीवरच्या अळीला गवताच्या काडीनं स्पर्श केला. तिचा एक पाय जरासा हलला.

"आन् आई?"

"ती परत येत न्हाई, अब्बा. तोंड लिंपलं की तिचं काम झालं. पोराचं तोंड ती बघतच न्हाई. तुमी लिंपून बघा. जगंलच असं मी सांगत न्हाई. माती ती आणायची तिथलीच घ्या, नळाखालची. तिनं थुंकी घालून मळलीया ती."

"रोज्यात थुंकी कुठनं आणू?" ते म्हणाले. दोघंही हसली नाहीत.

नळाखालची माती त्यांनी चहाच्या गाळणीतून चाळली आणि मिस्बाहच्या झाकणातल्या पाण्यानं मळली. मोटारीतली केसाएवढी तार उचलायचा चिमटा आणला. आयुष्यभर त्यांनी जळलेल्या मोटारी उकलून पुन्हा भरल्या होत्या. बोटं अरुंद जागी न धडकता आत-बाहेर कशी करायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण तार तुटली तर दुसरी घालता येते. इथं तो दोरा एकच होता, आणि आपल्या श्वासानंही दाणा झुलतोय हे त्यांना दिसत होतं.

"आवं, काय करताय?"

दारात सुगराबी उभी होती. तिनं भिंत पाहिली, आरसा पाहिला, चिमट्यातली अळी पाहिली.

"या अल्ला! काय केलंसा हे?"

चांदसाहेबांनी मान वळवली नाही. आता ती रडेल, हरणाबाईंना हाक मारेल, असं त्यांना वाटलं. ती जवळ आली आणि तिनं त्यांच्या हातातला मोबाइल घेऊन उजेड गाडग्यात धरला.

"उन्हाचा रोजा, पाणी तरी घ्या. त्याच्या बदली नंतर एक धरा."

"आधी हे लिंपू दे."

दोन्ही अळ्या आत गेल्या. दाणा हलला आणि स्थिरावला. त्यांनी मातीची पातळ चकती अंगठ्यावर घेतली आणि भगदाडावर टेकवली. दाबली तर आत जाईल, न दाबली तर पडेल. सुगराबी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. ती दुवा होती की शिव्या, हे त्यांना कळलं नाही.

माती अजून ओली होती तेवढ्यात तारिकचा व्हिडिओ कॉल आला. मिस्बाहचा चेहरा सुजला होता, अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा होता.

"आत नेत्यात अब्बा मला. गाडगं दाखवा की जरा."

सुगराबीनं नवऱ्याकडे बघितलं. चांदसाहेबांनी मोबाइल भिंतीकडे वळवला, जरा लांबूनच.

"बंदच हाय न्हवं?"

"बंदच हाय, पोरी."

"मग ठीक हाय," मिस्बाह म्हणाली आणि फोन कुणीतरी घेतला.

नंतर बराच वेळ दोघं पलंगाच्या कडेला बसून राहिली. माती वाळत गेली तशी गडद रंगाची फिकी झाली. तडा जातो की काय, म्हणून चांदसाहेब सारखे उठून बघत होते. सुगराबी तेवढ्याच वेळा फोन उचलून बघत होती. दिवस बुडाला आणि मशिदीतून मगरिबची अजान झाली. तिनं रोजा सोडायला खजूर पुढं केला, तो त्यांनी हातातच धरला.

फोन वाजला. तारिकला धड बोलता येत नव्हतं. "मुलगी हाय. लय बारीक हाय, अब्बा. काचेच्या पेटीत ठेवलीया. मिस्बाह बरी हाय, पर तिला अजून दाखवली न्हाई."

"जगंल म्हणत्यात न्हवं?"

"बघू म्हणत्यात."

चांदसाहेबांनी खजूर तोंडात टाकला.

ईद झाली. पोरगी पेटीतून बाहेर आली, परत आत गेली, परत बाहेर आली. मिस्बाह तिला घेऊन वडूजला आली तेव्हा वळवाचे ढग जमायला लागले होते. खोलीला आकाशी रंग लागला होता. गाडग्याभोवती मात्र वीतभर जुनी हिरवी भिंत तशीच होती. आरसा बाहेरच्या खोलीत गेला होता.

गाडग्याला कुठंही भोक नव्हतं. माशी बाहेर पडायची वेळ कधीच उलटून गेली होती. हे तरन्नुमनं वडिलांना सांगितलं होतं. चांदसाहेबांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

मिस्बाह पोरीला कुशीत धरून भिंतीपाशी गेली. वरचा गळा, बाहेर वळवलेला, तिच्या ओळखीचा होता. बाजूच्या मातीवर मात्र बारीक गोल रेघा उमटल्या होत्या, आणि त्यांना छेदून जाणारी एक तिरकी रेघ. तारेनं कापलेल्या अंगठ्यावरचा तो व्रण घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता.

तिनं त्या तिरक्या रेघेवरून हलकेच बोट फिरवलं. चांदसाहेब उंबऱ्यापाशी उभे होते. ते काहीतरी बोलणार होते.

"अब्बा," ती मागं न वळता म्हणाली, "झाकण कोरडं पडलंय खिडकीतलं."

त्यांनी घाईनं तांब्या आणला आणि झाकण काठोकाठ भरलं.

"एवढं नको. बुडंल ती."

"कोण?"

"यील की एखादी."

चांदसाहेबांनी झाकण कलतं केलं आणि अंगठ्यानं अडवत थोडं पाणी बाहेर ओतून दिलं.