टुकरीखाली दोघी

मी जमनीची टुकरी बोलतेय. टुकरी म्हणजे ओढणी, पण मला नुसती ओढणी म्हटलेलं खपत नाही. ओढणी खांद्यावर पडून राहते, मी डोक्यावर असते. माझ्या काठाला कवड्या आहेत, अंगभर आरसे आहेत. सध्या मात्र फुलसावंगीजवळच्या एका तांड्यात, दाराशेजारच्या खुंटीवर टांगलेली आहे. शेजारच्या खुंटीला एक छत्री असते. छत्री बोलत नाही.

मला शिवलं जमनीच्या याडीनं, म्हणजे आईनं. जमनीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं लाल कापडाचे तुकडे जोडायला घेतले. तिची नजर अधू, म्हणून सुईत दोरा ओवून द्यायला धाकटी रुपी जवळ बसायची. ती ओवायची कमी आणि आरसे उचलून स्वतःचे दात बघायची जास्त. याडी तिच्या हातावर चापट मारायची आणि मग स्वतःच हसायची. माझ्या एका कोपऱ्यातला आरसा तिरपा बसलाय, तो रुपीनं हट्टानं शिवलेला. बाहेरून मी चकचकीत आहे. आतून पाहाल तर नुसत्या गाठी आणि लोंबते दोरे. ती बाजू कुणाला दाखवायची नसते.

आमच्या गोर, म्हणजे बंजारा, लोकांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लेक सासरी निघाली, की बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. बहिणी बहिणी खूप दिवसांनी भेटल्या तरी रडतात. पण हे रडणं साधं नाही. ते सुरात असतं, त्याला शब्द असतात. त्याला ढावलो म्हणतात. 'याडी ये' अशी हाक घालून सुरुवात करायची आणि मग मनात साठलेलं एकेक सांगत जायचं. सासूचं, नवऱ्याचं, दुखणाऱ्या गुडघ्याचं, गेलेल्या लेकराचं. ते सगळं टुकरीखाली. दोघींच्या डोक्यांवर मला ओढून घ्यायचं आणि आत मन मोकळं करायचं.

बाहेर बसलेल्या बायांना ऐकू जात नाही असं थोडंच आहे? सगळं जातं. पण ऐकलेलं न ऐकलं करायचं, हाही रीतीचाच भाग. मी बाजूला झाले की डोळे पुसायचे, तांब्याभर पाणी प्यायचं आणि विचारायचं, यंदा तूर कशी आहे. आत बोललेलं कुणी बाहेर काढत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ म्हणजे मी.

जमनीच्या पाठवणीला माझ्याखाली याडी आणि जमनी रडल्या. रुपी लहान होती, ती मधूनच आत घुसली आणि दोघींच्या मध्ये उभी राहून नुसती भोकाड पसरून रडली. शब्द तिला येत नव्हते. पुढे तिलाही आले. तिचं सासर दिग्रसकडच्या तांड्यात. दर दिवाळीनंतर ती यायची, पुसदला गाडी बदलून, फुलसावंगीला उतरून, पायी. ती वाटेवर दिसली की जमनी हातातलं काम टाकायची. आधी एक शब्द नाही. आधी मी. इतक्या वर्षांत त्या दोघी माझ्याखाली काय काय बोलल्या, ते मी कधी सांगितलं नाही आणि आजही सांगणार नाही. फक्त एका वेळचं सांगते, कारण ते आता साऱ्या जगाला ठाऊक आहे.

जमनीची नात उज्ज्वला पुसदच्या कॉलेजात शिकते. लहानपणापासून वसतिगृहात वाढलेली, हुशार, मायाळू पोरगी. सुट्टीला आली की तिचा फोन तिच्या तोंडासमोर असतो किंवा आमच्या. ती दादीची चूल दाखवते, दादीचे चांदीचे दागिने दाखवते, माझे आरसे जवळून दाखवते. तिचे व्हिडिओ पाहणारे हजारोंनी होते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. इतकी वर्षं तांड्याबाहेर कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नव्हतं. आता हैदराबादची कुणी बाई लिहायची की अशी टुकरी आमच्या दादीकडे होती. उज्ज्वला ते वाचून दाखवायची आणि जमनी लाजायची.

मागच्या दिवाळीनंतर रुपी आली, तेव्हाही उज्ज्वला अंगणात होती. रुपीचा नवरा त्याच वर्षी गेलेला. त्यानंतरची ही पहिली भेट. जमनीनं मला दोघींवर ओढलं आणि रुपीनं जो सूर लावला, तो मी त्याआधी ऐकला नव्हता.

ती म्हणाली, याडी ये, माझी खाट पडवीत गेली. सून ताट ठेवते आणि जाते. लेक संध्याकाळी घरी येतो आणि फोनात तोंड घालतो. सगळे एका खोलीत बसतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही, मग माझ्याशी कोण बोलणार. याडी ये, मी शेळीशी बोलते. शेळी तेवढी मान वर करून बघते.

जमनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. तेवढ्यात माझा काठ खालून जरासा उचलला गेला आणि उजेडाची चीर आत आली. त्यामागोमाग फोन आला. आवाज नीट यावा म्हणून उज्ज्वलानं हात आत घातला होता. दोघींचे डोळे मिटलेले होते. त्यांनी तो पाहिला नाही.

त्या पोरीच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तिचं सगळं शिक्षण मराठीत झालं. घरातली रोजची गोरबोली तिला कळते, पण म्हाताऱ्या बायांची, हुंदक्यांत बुडालेली, जुन्या शब्दांची बोली तिला कळत नव्हती. तिला नुसता सूर ऐकू आला. किती सुंदर रडतात या, असं तिला वाटलं. तिनं व्हिडिओ टाकला आणि वर लिहिलं, 'आमची संस्कृती, आमचा अभिमान.'

तो आजवरच्या सगळ्या व्हिडिओंच्या पुढे गेला. ज्यांना बोली कळत नव्हती ते हसले. हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारी पिवळी तोंडं खाली रांगेनं उमटली. कुणी लिहिलं, दादीला नाटकात घ्या. हसतील त्यांचे दात दिसतील, ते सोडा. पण ज्यांना बोली कळत होती त्यांनी शब्द न् शब्द ऐकला. आणि असे लोक दिग्रसकडे घरोघर होते.

रुपीचा मुलगा पूनमसिंग जीप चालवतो. स्टँडवर त्याला लोक विचारू लागले, तुझी माय शेळीशी बोलते काय रे? त्याचा जमनीला फोन आला. ते घरात गोरबोलीच बोलतात, पण तुम्हाला कळावं म्हणून मी वऱ्हाडीत सांगते. तो आधी पुष्कळ ओरडला. मग त्याचाच आवाज बसला. मग फोन रुपीनं घेतला. तिनं एकच विचारलं.

"जमनी, टुकरीतलं बाहेर कसं गेलं वं?"

जमनीला तोवर काही माहीतच नव्हतं. ती फोन कानाला लावून तशीच बसून राहिली. पलीकडून फोन कधीच ठेवलेला होता.

त्याच दिवशी उज्ज्वलानं पुसदहून तो व्हिडिओ काढून टाकला. फोनवर ती खूप रडली, साधं रडली, आमच्यासारखं नाही. पण वाऱ्यावर गेलेला कापूस परत बोंडात भरता येतो का? तो कुणाकुणाच्या फोनात जाऊन बसला होता.

त्याचं पुढे काय झालं ते उन्हाळ्यात कळलं. महागावकडे एका नातलगाचं लग्न होतं. जमनी मला घेऊन गेली. वरातीपुढे डीजे होता, छातीत धडधडावं असा. मधेच गाणं बदललं. आधी ढोल वाजला, आणि त्या ढोलावर एक बाईचा आवाज आला. 'याडी ये… याडी ये… याडी ये…' तोच सूर, तोच हुंदका, तुकडे तुकडे करून पुन्हा पुन्हा वाजवलेला. कुणीतरी रुपीच्या रडण्याचं नाचायचं गाणं केलं होतं. पोरं हात वर करून नाचत होती. शेळीचा शब्द आला की सगळी मिळून बेंबें करायची आणि उड्या मारायची. त्यांच्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं की हा आवाज कुणाचा आहे. जमनीला माहीत होतं. तिनं मला कपाळाखाली ओढलं, आणखी खाली ओढलं, हनुवटीपर्यंत. माझ्या आरशांत डीजेचे लाल-निळे दिवे नाचत होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्या दिवसापासून तिनं मला डोक्यावर घेणं सोडलं. साध्या साडीचा पदर घेते.

तरी माझं नाव झालंच होतं. पुसदच्या मुली उज्ज्वलाकडे मला मागायच्या, स्नेहसंमेलनाला, फोटोंना. ती दोन-तीनदा घेऊन गेली, मग तिनं बंद केलं. मी त्या मुलींबरोबर पळसाखाली उभी राहिले, सूर्यफुलांच्या शेतात उभी राहिले. त्या गोड होत्या. मला खांद्यावर टाकायच्या, वाऱ्यावर उडवायच्या, गिरकी घ्यायच्या. डोक्यावर कुणीच घेत नव्हती, केस बिघडतात म्हणे. हजारो माणसांनी मला पाहिलं आणि माझ्याखाली कुणी आलं नाही.

यंदाची दिवाळी झाली. जमनी रोज दुपारी वाटेकडे तोंड करून तूर निवडत बसायची. निवडलेली तूर पुन्हा निवडायची. जमनीचा मुलगा गुलाबसिंग म्हणाला, मावशी येत असेल तर मी आणायला जातो. निरोप गेला. तिकडून उत्तर आलं की गुडघे दुखतात.

उज्ज्वला सुट्टीला आली होती. तिला सुपातल्या तुरीचा तो आवाज सहन होईना. एका दुपारी तिनं पूनमसिंगच्या बायकोला विनवून व्हिडिओ कॉल लावला आणि फोन दादीच्या हातात दिला. स्वतः बाहेर जाऊन ओट्यावर बसली.

फोनमध्ये रुपी दिसली, पडवीतल्या खाटेवर. फोन सुनेनं धरलेला. मागं कुणीतरी ये-जा करत होतं.

कशी आहेस, बरी आहे, तू कशी, बरी. पाणी आलं का, आलं. शेळी व्याली का, असं जमनीनं विचारलं आणि विचारल्यावर तिचं तिलाच कळलं की हे विचारायला नको होतं. शेळी विकली, असं रुपी म्हणाली.

जमनी उठली, खुंटीपाशी आली आणि तिनं मला खाली घेतलं. कितीतरी महिन्यांनी तिचा हात लागला. तिनं मला डोक्यावरून ओढलं आणि फोनवरही ओढलं. आत तिचा चेहरा आणि फोनचा तो फिकट उजेड. फोनमध्ये रुपीला काही दिसेना.

"अंधार झाला वं. कुठं हायस?"

"टुकरीच्या आत हाय," जमनी म्हणाली. "इथं कोणी नाही. ये."

रुपी फोनकडे बघत राहिली. तिचे ओठ उघडले. 'याडी'मधलं 'या' इतकं मला दिसलं, ऐकू आलं नाही. मग तिनं वर पाहिलं, फोन धरलेल्या सुनेकडे, आणि मग मागं.

"कशी येऊ बाई," ती म्हणाली. "इकडे सारे हायेत."

सून म्हणाली, दिसून नाही राह्यलं, नेटवर्क गेलं वाटते. आणि फोन बंद झाला.

जमनी माझ्याखाली बसून राहिली. मला वाटलं आता ती सूर लावेल. मी वाट पाहिली. पण ढावलो एकटीला येत नाही, गळा दुसरीचा लागतो. तिनं घडी न घालताच मला खुंटीवर टाकलं आणि डोळे मिटून खाटेवर आडवी झाली.

थोड्या वेळानं उज्ज्वला आत आली. तिनं फोन उचलला, बंद केला, डब्यामागं ठेवला. मग तिनं मला काढलं आणि डोक्यावर घेतलं, नीट, कपाळापर्यंत, जसं घ्यायचं असतं तसं. ती दादीच्या पायांशी जमिनीवर बसली आणि हळूच म्हणाली, "याडी ये…"

पुढे तिला काही येईना. ती पुन्हा म्हणाली, "याडी ये…" आणि थांबली. पुढचे शब्द तिच्या फोनात होते, ढोलावर वाजणारे. ते तिला नको होते.

जमनीचे डोळे मिटलेले होते. पण रुपीनं शिवलेला तो तिरपा आरसा नेमका तिच्या तोंडाकडे झाला होता, म्हणून मला दिसलं. तिचे ओठ हलत होते. पुढचे शब्द ती म्हणत होती. आवाज मात्र काढत नव्हती.

आज उज्ज्वला पुसदला परत गेली. मी पुन्हा खुंटीवर आहे, छत्रीशेजारी. मला आता कुणी पाहिलं नाही तरी चालेल. रुपी, तू तेवढी ये. गुडघे दुखत असले तरी ये. तिरप्या आरशाचा टाका सुटत आलाय, तुझ्या हातचाच लागेल तिथं. मी अजून दोन डोक्यांना पुरते.

आणि तुम्ही वाटेत कुठं दोघी बाया एका टुकरीखाली बसलेल्या पाहाल, तर हात खिशाकडे नेऊ नका. थोडं पलीकडे व्हा. त्या बाहेर आल्या, की विचारा, यंदा तूर कशी आहे.