सोमवारची बाई

रेन्स्काने सारं आयुष्य गावच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवण्यात घालवलं. निवृत्त झाली आणि त्याच वर्षी नवरा गेला. मग ती दिवसभर खिडकीशी बसून समुद्राच्या बांधाकडे बघत राहायची. शेवटी लेकीने झापलं, म्हणाली, आई, गंज चढेल तुला. इस्पितळात स्वयंसेवक हवेत, नाव दे.

तिने नाव दिलं. स्वयंसेवकांचं काम बघणारी डाउत्सन मोजकं बोलणारी बाई होती. तिने निळं जाकीट दिलं, नावाची पट्टी लावली आणि मंगळवारची दुपार रेन्स्काच्या वाट्याला दिली. काम सोपं होतं. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात चहा-कॉफीची गाडी फिरवायची आणि ज्यांच्याकडे कुणी येत नाही त्यांच्यापाशी घटकाभर बसायचं.

दुसऱ्याच मंगळवारी पोस्तमा आजोबांनी तिला अडवलं. हा माणूस चाळीस वर्षं कालव्यावरचा पूल बोटींसाठी वरखाली करत आलेला. म्हणाले, "काल गोष्ट अर्धवट टाकून गेलीस की गं, पोरी."

आपण सोमवारी येत नाही, असं रेन्स्का म्हणाली. आजोबा हसले.

"मग माझा हात धरून कोण बसलं होतं? हेच जाकीट, हीच नावाची पट्टी. हात मात्र बर्फासारखा गार."

वय झालंय, म्हणून तिने सोडून दिलं. पुढच्या मंगळवारीही ते तेच म्हणाले. त्याच्या पुढच्या मंगळवारी त्यांची खाट रिकामी होती. गुरुवारी गेले, असं नर्सने सांगितलं.

मग खिडकीजवळच्या एका बाईंनी तेच म्हटलं: काल किती वेळ बसलात हो. त्याही असंच दोन मंगळवार सांगून दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी गेल्या. मग बेर्बर आजीही पहिल्यांदा तेच म्हणाल्या, तेव्हा रेन्स्काने हातातली किटली गाडीवर ठेवून दिली. घरी आल्यावर तिने डाउत्सनला फोन लावला. म्हणाली, माझं नाव काढून टाका. आणि का, तेही सांगितलं.

डाउत्सन म्हणाली, "पहिल्या वर्षी माझ्याही बाबतीत असंच झालं, एका आजोबांनी सांगितलं. मी सोमवारी जाऊन त्यांच्यापाशी बसले."

"काय दिसलं?"

"काही नाही. पण त्या आजोबांना दिसत होतं."

त्या रात्री रेन्स्काच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सोमवारी मात्र जेवण उरकून ती गेली. भर उन्हाची दुपार, वॉर्डात भांड्यांचा आवाज. बेर्बर आजींच्या उजव्या हाताला खुर्ची ओढून तिने त्यांचा हात हातात घेतला. आजी पोरपणीच्या बर्फावरच्या शर्यतींबद्दल सांगत होत्या. तीनच्या सुमारास त्या मध्येच थांबल्या. दाराकडे बघून ओळखीचं हसल्या, मग रेन्स्काकडे पाहिलं, पुन्हा दाराकडे. दारात कुणीही नव्हतं.

हळूहळू आजींची नजर खाटेच्या डाव्या बाजूला येऊन थांबली. त्यांनी डावा हात पांघरुणावरून उचलला. तो अधांतरीच राहिला. बोटं वळलेली, मधे दुसरा हात असावा तशी.

रेन्स्काला उठून पळावं असं वाटलं, पण आजींनी तिचा हात घट्ट धरला होता. पोहायला शिकवताना घाबरलेल्या पोराशी बोलायची तशा आवाजात तिने विचारलं, "तिचा हात गार आहे का हो, आजी?"

"नाही गं," आजी म्हणाल्या. "आज तिचा गरम आहे. तुझाच गार आहे."

रेन्स्का हलली नाही. चार वाजता नर्स गोळ्या घेऊन आली तेव्हा आजींचा डावा हात खाली टेकला होता आणि त्या झोपल्या होत्या. डाव्या बाजूची भिंत आणि खाट यांत एक खुर्ची मावेल एवढीही जागा नव्हती.

गुरुवारी आजी गेल्याचा डाउत्सनचा फोन येईल हे तिला ठाऊक होतं. तो आला. तिने ऐकून घेतलं, आणि डाउत्सनला सांगितलं की मला सोमवारही द्या. डाउत्सनने कारण विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी त्या खाटेवर एक नवे गृहस्थ होते, नुकतेच दाखल झालेले. रेन्स्का खुर्ची ओढून बसली. त्यांनी तिच्या नावाची पट्टी नीट वाचली आणि विचारलं, "आपण पहिल्यांदाच भेटतोय ना?"

रेन्स्काने आधी खाट आणि भिंत यांच्यामधल्या जागेकडे पाहिलं, मग त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, "गार लागतोय का हो?"