नवे शॉकअप

गाडीचे हादरे गिळणारा शॉकअप गेलाय की नाही, हे सांगायला गुंडा मेस्त्रीला जॅक लागत नसे. मडगार्ड दाबून सोडायचं. गाडी एकदा उसळून थांबली तर ठीक, झुलत राहिली तर गेला. सोलापुरात त्याच्या हाताला मान होता. त्या मानानंच त्याचा घात केला.

त्याचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या म्हाताऱ्या रेवणप्पांची ऑस्टिन मोटार अडतीस सालची. चौऱ्याहत्तरात तिचे मागचे दोन्ही शॉकअप गुंडानं बाद ठरवले आणि मुंबईहून नवे आणतो म्हणून छातीठोक सांगितलं. ते कुठंच मिळेनात. तसं कबूल करायची लाज वाटली, म्हणून या गड्यानं जुनेच घासले, आत जाड तेल भरलं, वर काळा रंग फासला आणि परत बसवले. महिन्यात तेल गळून गेलं. पण गाडी फार तर बाजारापर्यंत जायची. म्हाताऱ्याला काय कळतंय!

पुढच्या वर्षी अक्कलकोटकडच्या गावी गुंडाची बायको मायाक्का घराच्या माळवदाच्या छतावरून पाठीवर पडली. पायाची बोटं अजून हलत होती. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, आजच सोलापूरला हलवा, पण हादरा बसला तर पाय कायमचे जातील.

निरोप कळताच रेवणप्पा गॅरेजवर धावत आले. "माझ्या मेव्हण्याची अँबॅसडर दारात उभी आहे. पण आपल्या गाडीला शॉकअप तू स्वतः नवे टाकलेस. बोल, कुठली काढू?"

अँबॅसडर, एवढाच एक शब्द बोलायचा होता. पण मग का, तेही सांगावं लागलं असतं. 

"आपलीच न्या की, मालक," तो म्हणाला.

परतताना मागच्या सीटवर गादी टाकून तिला निजवलं होतं, डोकं गुंडाच्या मांडीवर. पहिल्याच खड्ड्याला गाडी उसळली आणि झुलत राहिली. मायाक्का कळवळली. "अवं, हळू घ्या म्हणा की!" रेवणप्पांनी आणखी हळू घेतली. आता तरी सांगावं, गाडी थांबवावी, असं गुंडाला दर मैलाला वाटत होतं. त्यानं सांगितलं नाही. मग रस्त्यातल्या एका मोरीच्या पुलावर गाडी आदळली आणि तिचं विव्हळणं थांबलं.

"आता पाय दुखत न्हाईत," ती म्हणाली. गुंडाला रडू फुटलं.

इस्पितळात डॉक्टरांनी तिच्या तळव्याला टाचणी टोचली. तिला कळलंच नाही.

बाहेर बाकावर रेवणप्पा बसले होते. गुंडाला पाहून त्यांनी हात जोडले. "या वयात मी चालवायला बसायला नको होतं रे. माझ्यामुळं तिचे पाय गेले. मला माफ कर."

 गुंडानं म्हाताऱ्याचे जोडलेले हात खाली घेतले.

"जाऊ द्या, मालक," तो म्हणाला. "केलं माफ."