पूजेतून उठलेला कॅमेरा

मी कॅमेरा बोलतोय. मुक्काम काळाचौकी, चाळीतल्या कपाटाचा वरचा खण. जन्म जपानचा, पण माझ्या पट्ट्याला आता सुक्या मासळीचा वास येतो, तेव्हा मला मुंबईकरच समजा.

माझे पहिले मालक ठाकूरद्वारचे रमाकांत फोटोग्राफर. त्यांच्याकडे मी नुसती लग्नं काढली. अरे देवा, काय ती माणसं! घास भरवताना हात अधांतरी धरून माझ्याकडेच बघत राहायची. पुढे रमाकांतनी धंदा बंद केला आणि मला त्यांच्या मदतनीस पोरीच्या, अक्षदाच्या, हाती सोपवलं. सुटलो एकदाचा!

अक्षदाला वेड जुन्या भिंतींचं. रविवारी मला गळ्यात अडकवून ती डिलाईल रोडपासून लालबागपर्यंत पायी भटकते. लाकडी कठडे, गिरण्यांच्या चिमण्या, मिलचं गरम पाणी सोडायचे दगडी नाले, सगळं टिपते. फक्त तिचे बाबा, आनंदा, ज्या मिलमध्ये फिटर होते, ती कधीच बंद पडलेली, तिथे आत कोणी सोडत नव्हतं. बाबांना त्यांच्या खात्याच्या दारात उभं करून एक फोटो काढायचा, एवढाच तिचा हट्ट. जन्मभर राबलेल्या माणसाचा तिथला एकही फोटो घरात नाही, याचं तिला फार वाईट वाटायचं. शेवटी दसऱ्यानंतरची परवानगी मिळाली.

दसऱ्याला सकाळी बाबांनी पाना, हातोडी, आईचं शिलाई मशीन आणि मला पाटावर मांडलं. हळदकुंकू लागलं, झेंडू चढला. तेवढ्यात अक्षदाच्या मित्राचा, गौतमचा फोन.

"अगं, मिलमध्ये जेसीबी घुसलाय! बाबांच्या खात्याला खेटून उभाय. लवकर ये!"

अक्षदा माझ्याकडे झेपावली.

"हात लावू नको गो! पूजेतला हत्यार आज उचलूचा नाय." बाबा कडाडले.

"बाबा, उद्या भिंतच नसेल!" पोर रडकुंडीला आली. माझा तर जीव टांगणीला लागला. मला पाय असते तर उठून पळालो असतो.

मग आई, कमल, म्हणाली, "अहो, हत्यार काय गंजत ठेवायला पुजतात?"

बाबांनी माझ्यावर अक्षता टाकल्या, हात जोडले आणि स्वतःच मला उचललं. "चल गो. मी पण येतंय."

टॅक्सी करून दोघं निघाले. मिलच्या गेटवर वॉचमनने सणासुदीला कशाला अडवा म्हणून आत सोडलं.

आत जेसीबी होता खरा. पण त्याच्या गळ्यात ही भलीमोठी झेंडूची माळ! ड्रायव्हर सावलीत जिलेबी खात बसलेला.

"आज मशीन को हाथ नहीं लगाते, काका. कल."

हुश्श! बाबा असे खदखदून हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते आपल्या दारात ताठ उभे राहिले. अक्षदाने मला डोळ्याला लावलं.

"थांब गो," बाबा म्हणाले. "त्याका पण घे फोटोत. सण पाळल्यान त्येना."

दुसऱ्या दिवशी ते दार पडलं. फोटो मात्र आता घरात भिंतीवर लागलाय: बाबा, दार आणि माळ घातलेला जेसीबी. मायबापहो, आम्हा यंत्रांना वर्षातून एक दिवस बसू द्या. त्या एका दिवसात एखाद्या माणसाला आपल्या दाराचा निरोप घेता येतो.